घरच्या नॅसवर फाइल्स हळू का जातात? आधी मोजू, मग खर्च करू



मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आपण सगळे घरी बसून पाठांचे व्हिडिओ करायला लागलो. पुढे १ जून २०२१ पासून गूगलने उच्च दर्जाचे फोटो फुकट आणि कितीही ठेवू देण्याची सोय बंद केली. ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी, त्यापुढे पैसे. शाळेचे स्नेहसंमेलन, बाल आनंद मेळावा, सहली, प्रात्यक्षिकं, शिवाय घरचं लग्नकार्य, सगळं फोनमध्ये साचत गेलं. पेन ड्राइव्ह भरले, काही खराब झाले. मग आपल्यातल्या काही हौशी शिक्षकांनी घरी 'नॅस' घेतला.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. नॅस म्हणजे राउटरला वायरने जोडलेला एक छोटा डबा. त्यात एक किंवा दोन हार्डडिस्क असतात. घरातला कोणताही फोन किंवा लॅपटॉप त्याच्यावर फाइल ठेवू शकतो, काढू शकतो. क्लाउडसारखंच काम, फक्त डबा आपल्या घरात. लेकरांचे फोटो दहा ग्रुपवर फिरण्यापेक्षा एका ठिकाणी सुरक्षित राहतात, हा मला त्याचा मोठा फायदा वाटतो.

पण तक्रार सगळीकडून एकच येते, "सर, कॉपी व्हायला रात्र जाते."

लातूरच्या औसा रोड भागात राहणाऱ्या एका शिक्षक मित्राचं उदाहरण घेऊ. त्यांच्याकडे २०० जीबीचा शाळेचा संग्रह होता. लॅपटॉपवरून नॅसवर टाकायला घेतला तर संगणक अकरा तास दाखवत होता. त्यांनी काय केलं? इंटरनेटचा प्लॅन १०० वरून २०० चा केला. महिन्याचा खर्च वाढला, पण अकरा तास अकराच राहिले.

तसंच होणार होतं. लॅपटॉपवरून घरातल्याच नॅसवर फाइल जाते तेव्हा ती इंटरनेटवर जातच नाही. ती लॅपटॉपमधून राउटरमध्ये आणि राउटरमधून नॅसमध्ये जाते, उंबऱ्याच्या आत. ब्रॉडबँडची बाहेरून येणारी वायर काढून ठेवली तरी ही कॉपी चालू राहील. खात्री नसेल तर करून बघा. म्हणून प्लॅन वाढवणं हा यावरचा उपाय नाही, कंपनी कोणतीही असो.

मग वेग ठरतो कशावर? लातूरकरांना हे समजावायला मला वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, आठवतं ना? पहिल्या फेरीला १० वाघिणी, साधारण ५ लाख लीटर. पुढे ५० वाघिणींची गाडी, २५ लाख लीटर. पण गाडी स्टेशनवर लागली म्हणजे आपल्या हंड्यात पाणी आलं असं नव्हतं. वाघिणी रिकाम्या करायच्या, पाणी शुद्ध करायचं, टँकर भरायचे, टँकर गल्लीत यायचा, मग नंबर लागायचा. यातली जी पायरी सगळ्यात हळू, तोच आपल्या घराचा वेग. फाइलचंही तंतोतंत हेच आहे. लॅपटॉपची डिस्क, वाय-फाय किंवा वायर, राउटर, पुन्हा वायर, नॅसची डिस्क. या साखळीत सगळ्यात अरुंद जागा कोणती ते शोधायचं. बाकी काहीही बदललं तरी फरक पडत नाही.

आधी एककांचा घोळ मिटवू

दुकानदार आणि ब्रॉडबँडवाले वेग मेगाबिटमध्ये सांगतात. संगणक कॉपी करताना वेग मेगाबाइटमध्ये दाखवतो. एक डझन म्हणजे १२, तसं एक बाइट म्हणजे ८ बिट. म्हणून १०० मेगाबिटच्या वायरमधून सेकंदाला १०० ÷ ८ = १२.५ मेगाबाइट जाऊ शकतात. वाटेत थोडी घट होते, प्रत्यक्षात ११ च्या आसपास मिळतात. 'गिगाबिट' म्हणजे १००० मेगाबिट, त्याचे १२५, प्रत्यक्षात ११० च्या आसपास. "शंभरचं घेतलं आणि अकराच मिळतंय, फसवलं" असं म्हणणारे बरेच भेटतात. फसवलेलं नसतं, आपण आठने भागलेलं नसतं.

आता मोजणी. साधारण १००० एमबीचा एकच व्हिडिओ घ्या, तो नॅसवर कॉपी करा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. फोटोंचा फोल्डर घेऊ नका, कारण पुढे सांगतो. एकच मोठी फाइल घ्यायची. १००० भागिले सेकंद, झाला आपला वेग.

हा आकडा बरंच काही बोलतो. ११० च्या जवळ आला तर गिगाबिट वायर पूर्ण वापरात आहे, नेटवर्कला दोष देऊ नका. ३० ते ४० मध्ये अडकला आणि तुमचा 'नॅस' म्हणजे राउटरच्या यूएसबी खाचेत लावलेली डिस्क असेल, तर ती खाच जुन्या यूएसबी २.० ची असण्याची शक्यता मोठी. बरोबर ११ वर येऊन थांबला, ना वर ना खाली, तर कुठेतरी १०० मेगाबिटची अडचण आहे. आणि ४, ५, कधी २ असा नाचत असेल तर तो वाय-फायचा खेळ आहे.

मित्राचा आकडा आला ५. दोन लाख एमबी भागिले ५ म्हणजे ४०,००० सेकंद, अकरा तासांवर. संगणक खोटं बोलत नव्हता.

वाय-फाय आणि आपल्या भिंती

वाय-फायचे दोन पट्टे सध्या घरोघरी असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांब पोचतो पण हळू, शिवाय शेजारच्या प्रत्येक घराचं वाय-फाय त्याच गर्दीत. ५ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतो. आपल्याकडे गावात अजून माळवदाची घरं आहेत. दगडमातीची दीड-दोन हात जाडीची भिंत असली की एका खोलीतला ५ चा सिग्नल दुसऱ्या खोलीत जेमतेम पोचतो. (किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर अशा जड भिंतींकडे आपण वेगळ्या नजरेने बघायला लागलो, तो विषय वेगळा.) शहरातल्या स्लॅबच्या घरात भिंती पातळ, पण लोखंडी कपाट राउटरसमोर उभं असतं.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. लॅपटॉपही वाय-फायवर आणि नॅसही वाय-फायवर असेल तर प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून. वेग जवळपास निम्मा. म्हणून निदान नॅस तरी वायरनेच जोडलेला हवा. पहिली मोठी कॉपी करताना लॅपटॉपलाही वायर लावा. एकदाच तर करायचं आहे, चार तास वायर पायात आली तरी चालेल.

वायरमधल्या आठ तारा

मित्राने लॅपटॉपला वायर लावली. वेग ५ वरून ११ झाला आणि तिथेच अडकला. अकरा तासांचे पाच तास झाले म्हणून ते खूश होते. पण राउटर गिगाबिट, नॅस गिगाबिट, लॅपटॉप गिगाबिट, मग अकराच का?

विंडोजमध्ये सेटिंग्ज, त्यात नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात इथरनेट उघडलं की 'लिंक स्पीड' लिहिलेला असतो. तिथे १००/१०० होतं. म्हणजे यंत्रं मोठी, पण त्यांनी आपसात ठरवलेला वेग छोटा. दोष वायरमध्ये होता. नेटवर्कच्या वायरमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. घराचं वायरिंग करताना कुणीतरी टोकाला चारच तारा बसवल्या होत्या. इंटरनेट चालत होतं, त्यामुळे कुणाला कळलंच नाही. कधी आठही तारा बसवलेल्या असतात पण त्यातली एखादी उंदराने कुरतडलेली किंवा टोकात नीट न रुतलेली असते, तरी परिणाम हाच.

वायरच्या अंगावर छापलेलं वाचा. 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' असेल तर १०० मीटरपर्यंत गिगाबिट जातं, घराला ते भरपूर झालं. वायर चांगली असेल तर फक्त टोकं नवीन बसवून घ्यायची. कारागिराला एवढंच सांगायचं, "आठही तारा बसवा आणि टेस्टर लावून दाखवा." टेस्टरवर एक ते आठ दिवे क्रमाने लागले पाहिजेत.

तुमच्या राउटरच्याच खाचा १०० च्या असतील तर? ब्रॉडबँडबरोबर मिळालेल्या साध्या राउटरमध्ये हे आढळतं. राउटर बदलायची गरज नाही. पाच खाचांचा गिगाबिट स्विच हजार-दीड हजारांच्या घरात मिळतो. नॅस आणि लॅपटॉप दोन्ही स्विचला लावा, स्विचची एक वायर राउटरला. फाइल स्विचमधूनच परस्पर जाईल, राउटरच्या अरुंद खाचेत शिरणारच नाही.

मित्राकडे फक्त टोकं बदलली. व्हिडिओंचे १६० जीबी सुमारे पंचवीस मिनिटांत गेले.

आणि फोटोंचे ४० जीबी? त्याला चाळीस मिनिटं लागली. एक चतुर्थांश माल आणि वेळ जास्त. इथे नेटवर्कचा काही दोष नाही. पोषण आहाराचा तांदूळ उतरवताना बघा. पन्नास किलोचं एक पोतं असेल तर एकदा वजन, एक नोंद. तोच तांदूळ एकेक किलोच्या पन्नास पिशव्यांत आला तर पन्नास वजनं, पन्नास नोंदी. बारा हजार फोटो म्हणजे बारा हजार नोंदी. प्रत्येक फाइलसाठी नॅस नाव लिहितो, जागा शोधतो, बंद करतो. म्हणूनच मघाशी मोजणीसाठी एकच मोठी फाइल घ्या म्हटलं. जुने फोटो वर्षानुसार एकेका झिप फाइलमध्ये बांधून पाठवले तर लवकर जातात, मात्र मग नॅसवर ते सहज बघता येत नाहीत. मी स्वतः झिप करत नाही, फोटोंना वेळ देतो.

नवीन नॅस पहिले एक-दोन दिवस आतल्या आत बरंच काम करत असतो. दोन डिस्क असतील तर त्या एकमेकींशी जुळवतो, फोटोंची छोटी चित्रं तयार करतो. तेव्हा तो हळूच चालतो, वैतागू नका. मे महिन्यात मात्र जागा बघा. नांदेडला पारा चाळीशी ओलांडतो, आणि डबा बंद कपाटात इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी ठेवलेला असतो. डिस्क तापली की तिचं आयुष्य कमी होतं. हवा लागेल अशा जागी ठेवा.

लाइट गेली तर

हा आपल्या भागातला खरा प्रश्न आहे, आणि वेगाची काळजी करायची ती यासाठीच. अकरा तासांची कॉपी आपल्याकडे अखंड पूर्ण होईल याची खात्री कोण देणार? राउटर इन्व्हर्टरवर, नॅस मात्र साध्या प्लगवर, असं अनेक घरांत असतं. लाइट गेली की नॅस मधेच बंद. किंवा स्विच बंद पडतो आणि लॅपटॉप गुपचूप वाय-फायवर जातो. लाइट आल्यावरही तिथेच राहतो आणि वेग का पडला ते कळत नाही. नॅस, स्विच आणि राउटर तिन्ही एकाच यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर घ्या.

आणि कृपा करून 'कट' करून 'पेस्ट' करू नका. कॉपीच करा. कॉपी झाल्यावर दोन्ही फोल्डरवर उजवी टिचकी देऊन प्रॉपर्टीजमध्ये फाइल्सची संख्या आणि आकार जुळतो का बघा. मधले दोन-चार व्हिडिओ उघडून शेवटपर्यंत चालवा. मगच फोन रिकामा करा. दोन डिस्क असल्या तरी चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते. म्हणून शाळेच्या महत्त्वाच्या फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्य असेल तर दुसऱ्या घरात ठेवा.

वर्गासाठी

पाचवीच्या भागाकाराला आणि एककांच्या रूपांतराला हा विषय छान बसतो. नॅस नसला तरी चालतं. एक बादली, एक जाड नळी, त्याच्यात मधे बसवलेला बारीक नळीचा तुकडा आणि घड्याळ एवढं पुरे. बारीक तुकडा सुरुवातीला, मधे, शेवटी असा हलवून बादली भरायला किती सेकंद लागतात ते लेकरांना लिहायला सांगा. तुकडा कुठेही असला तरी वेळ जवळपास तेवढाच येतो, हे त्यांचं तेच शोधतात.

मग फळ्यावर हे गणित द्या. ७२ जीबीचे व्हिडिओ आहेत, एक जीबी म्हणजे १००० एमबी धरा, वेग सेकंदाला १० एमबी. रात्री ११ वाजता लाइट जाते. कॉपी उशिरात उशिरा किती वाजता सुरू करावी?

७२,००० भागिले १० म्हणजे ७,२०० सेकंद, दोन तास, म्हणून नऊ वाजता. माझ्या वर्गात बहुतेकांचं उत्तर नऊ आलं. एकाने साडेआठ लिहिलं आणि कारण विचारल्यावर म्हणाला, "सर, आमच्याकडं अकराची लाइट साडेदहालाच जाती." मी त्यालाही पूर्ण गुण दिले.