कुमानो कोदो : डोंगरातली पायवाट आणि वाचलेली देवदारं



पायी वारी म्हटलं की आपल्याला दिवे घाट आठवतो. आज आपण अशाच एका जुन्या वाटेची ओळख करून घेऊ, फक्त ती आहे जपानमध्ये. नकाशा उघडा. ओसाका शहराच्या दक्षिणेला समुद्रात शिरलेलं किई द्वीपकल्प दिसेल. सगळा डोंगराळ मुलूख, दाट झाडी आणि धो-धो पाऊस. या डोंगरांत होंगू, हायातामा आणि नाची अशी तीन मोठी देवस्थानं आहेत. तिथे जाणाऱ्या वाटांना मिळून 'कुमानो कोदो' म्हणतात. 'कोदो' म्हणजे जुनी वाट.

हजार वर्षांपूर्वी क्योतोहून राजघराण्यातली माणसं इथे पायी येत. नंतर सामान्य लोकही येऊ लागले. स्त्रियांना इथे मज्जाव नव्हता, आणि त्या काळात जपानमधल्या कितीतरी पवित्र डोंगरांवर तो होता, हे लक्षात ठेवा. गर्दी इतकी की 'मुंग्यांची कुमानो-यात्रा' असा शब्दप्रयोगच पडला. इ.स. १२०१ मध्ये निवृत्त सम्राट गो-तोबा यांच्यासोबत फुजिवारा नो तेइका हे कवी निघाले. त्यांनी रोजनिशी लिहिली. तिच्यात भक्ती आहेच, पण पाऊस, आजारपण आणि दमछाकही आहे. मला तर हे वाचून बरंच वाटलं. मोठे कवीसुद्धा चढावर धापा टाकतात!

आणि चढ खरोखर तसाच आहे. ताकिजिरी ते होंगू हे अंतर सुमारे ३८ किलोमीटर, बहुतेक जण ते दोन दिवसांत चालतात. होंगूहून नाचीकडे जाताना मात्र कोगुची गावातून जवळजवळ ८०० मीटर उंची चढावी लागते. या वाटेवरच्या एका चढाचं नावच 'कंबर तोडणारा' अशा अर्थाचं आहे, आणि तो कोगुचीहून नाचीकडे जाणाऱ्यांच्या वाट्याला येतो. दगडी पायऱ्या शेवाळलेल्या, म्हणून पावसात पाय जपूनच टाकायचा. वाटेत ठिकठिकाणी 'ओजी' म्हणजे लहान देवळं लागतात. यात्रेकरू तिथे थांबून प्रार्थना करत, विसावा घेत.

आता मुख्य गोष्ट. १९०६ मध्ये जपान सरकारने हुकूम काढला की गावोगावची लहान देवळं मोडून मोठ्या देवळांत विलीन करावीत. देऊळ गेलं की भोवतालची राखीव झाडी तोडायला मोकळी. कुमानोच्या वाटेवरची कितीतरी ओजी अशीच गेली. मिनाकाता कुमागुसू नावाचे एक निसर्गअभ्यासक याविरुद्ध उभे राहिले. ते बुरशीसारख्या दिसणाऱ्या चिकट जीवांचा अभ्यास करत. त्यांचं म्हणणं सरळ होतं : देवराई तुटली की तिथले जीव जातात, पाणी जातं, आणि गावाला एकत्र आणणारी जागाही जाते. त्यांनी वर्तमानपत्रांत लिहिलं, मोठ्या विद्वानांना पत्रं पाठवली. एका सभेत घुसून गोंधळ घातल्याबद्दल काही दिवस कोठडीतही काढले. (पद्धत चुकली असेल, मुद्दा चुकला नव्हता.)

सगळं वाचलं नाही. पण त्सुगिझाकुरा ओजीजवळची काही प्रचंड देवदारं वाचली. आजही ती उभी आहेत. त्यांच्या फांद्या बहुतेक दक्षिणेकडेच वळलेल्या दिसतात. लोक म्हणतात, झाडं नाचीच्या धबधब्याकडे बघतात. तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी, फांद्या एकाच बाजूला का वाढतात ते शोधून काढा.

१८८९ च्या महापुरात होंगूचं मूळ देऊळ उद्ध्वस्त झालं. उरलेले भाग उचलून जवळच्या टेकडीवर नेले. जुन्या जागी आता ३३.९ मीटर उंच कमान उभी आहे. २००४ मध्ये ही वाट जागतिक वारसा यादीत आली आणि चालणाऱ्यांमध्ये परदेशी पाहुणेही खूप दिसू लागले.

उपक्रम : तुमच्या गावाजवळ देवराई असेल तर आजी-आजोबांना विचारा, तिथलं लाकूड कोण तोडत नाही आणि का? त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून आणा. सोमवारी वर्गात वाचू.