दत्तक मूल आणि त्याची आई : कोरियाचा धडा

वाचन : निर्गम 2:1-10

मोशेची गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लेंकरांनाही ठाऊक आहे. लव्हाळ्यांच्या पेटाऱ्यांतील तान्हें बाळ फारोच्या कन्येनें उचललें व तें तिचा पुत्र झालें. परंतु एक गोष्ट आपण बहुधा घाईनें वाचतों. बाळाची बहीण दूर उभी राहून पाहत होती. आणि तिनें बोलावून आणलेली दाई ही बाळाची सख्खी आईच होती. आपण कोणाचे, हें मोशेपासून लपलेलें राहिलें नाहीं. हें ध्यानांत ठेवून आपण कोरिया देशाकडे पाहूं.

तेथील युद्ध 1953 सालीं थांबलें, तेव्हां असंख्य मुलें निराधार झालीं होतीं. अमेरिकन शिपाई व कोरियन स्त्रिया यांच्या संततीचे हाल विशेष झाले. कारण कुळाची नोंद बापाच्या नांवें चाले, व बाप नाहीं त्याला कुळांत जागा नाहीं. 1955 सालीं अमेरिकेच्या ऑरेगन प्रांतांतील हॅरी होल्ट नामक श्रद्धाळू शेतकऱ्यानें, स्वतःचीं सहा लेंकरें असतां, अशीं आठ मुलें दत्तक घेतलीं. त्यासाठीं तेथील कायदेमंडळानें खास कायदा केला. पुढें त्यानें संस्था काढून अनेक मुलें ख्रिस्ती घरांत पोंचविलीं. त्याच्या दयेविषयीं मला शंका नाहीं.

परंतु युद्धाच्या जखमा भरल्या तरी विमानें थांबलीं नाहींत. देश संपन्न होत गेला, तरी एकट्या 1985 सालीं आठ हजारांहून अधिक मुलें परदेशीं गेलीं. हीं युद्धांतलीं पोरकीं नव्हतीं. बहुतेक अविवाहित मातांचीं होतीं. त्या मातांना घरच्यांनीं दूर लोटलें, सरकारनें पुरेसा आधार दिला नाहीं, आणि दत्तक संस्थांना मात्र मुलामागें परदेशांतून पैसा मिळे.

सर्वांत गंभीर गोष्ट कागदाची आहे. अनाथ ठरलेलें मूल परदेशीं नेणें सोपें. म्हणून आईबाप जिवंत असलेल्या कित्येक मुलांचीही अनाथ म्हणून नोंद झाली. आईबापांची जागा कोरी. एखादें मूल प्रवासापूर्वीं मेलें किंवा घरच्यांनीं परत नेलें, तर कधीं दुसरेंच मूल त्याच्या नांवावर धाडीत. डेन्मार्क, अमेरिका इत्यादि देशांत वाढलेल्या 367 जणांनीं कोरियाच्या सत्यशोधन आयोगाकडे दाद मागितली. मार्च 2025 मध्यें आयोगानें त्यांतील 56 जणांचे हक्क हिरावले गेल्याचें मान्य केलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत राष्ट्राध्यक्ष ली जे-म्यूंग यांनीं क्षमा मागितली. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या मनुष्यास ती क्षमा मिळाली. आईचें नांव मिळेलच असें नाहीं.

2012 पासून दत्तकास न्यायालयाची संमति व जन्माची नोंद आवश्यक झाली. योग्यच झालें. पण नोंदीच्या भीतीनें कांहीं माता बाळास गुपचूप सोडूं लागल्या. सोल शहरांतील पाळक ली जोंग-राक यांनीं 2009 सालींच आपल्या मंडळीच्या भिंतींत तान्ह्यांसाठीं उबदार पेटी बसविली होती. तिनें मूल टाकणें सोपें होतें, असा आक्षेप पुष्कळ जण घेतात, व तो पोकळ नाहीं. मात्र पेटीचें दार उघडतांच आंत घंटा वाजते. मग सेवक धांवत बाहेर जाऊन, आई दूर जाण्यापूर्वीं, तिच्याशीं बोलूं पाहतात. कांहीं माता आपलें बाळ परत घेऊन जातात.