जुना बंब, नीट जाळ

पावसाळ्यात आभाळ आठ-आठ दिवस भरून राहिले, की छपरावरचा सौर बंब हात टेकतो. मग वारणेच्या काठच्या गावांत माळ्यावरचा तांब्याचा जुना बंब खाली उतरतो. ज्यांच्याकडे तो नसतो ते मोडीच्या दुकानातून वापरलेला बंब वजनावर विकत आणतात. वारणानगरचा परिसर उसाचा. पाचट, चिपाडे, मक्याची बुरकुंडे, शेणी, शेवरीच्या काटक्या असे जळण येथे दाराशी असते. तरीही एका घरचा बंब अर्ध्या तासात पाणी कढत करतो, आणि दुसऱ्या घरचा तासभर नुसता धुमसतो. असे का होते? जुना बंब कसा पारखावा, कोठे बसवावा आणि त्याचा जाळ कसा जुळवावा, हे आज आपण पाहू. बंब पेटवण्याचे काम मात्र घरातील मोठ्या माणसांना सोबत घेऊनच करायचे.

बंबाची रचना

बंब म्हणजे एकात एक बसवलेली दोन नळकांडी. आतल्या नळ्यात जाळ असतो आणि त्याच्या भोवती पाणी. नळ्याच्या तळाशी जाळी असते. जाळीखालच्या तोंडातून हवा आत शिरते आणि राख बाहेर काढता येते. नळ्याचे वरचे तोंड धुराडे म्हणून काम करते.

साखर कारखान्याचा बॉयलर हा या बंबाचाच थोरला भाऊ. फरक असा, की तेथे पाणी नळ्यांत असते व आग नळ्यांच्या बाहेर. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. बॉयलरमध्ये वाफ दाबाखाली कोंडलेली असते. बंबात ती कधीही कोंडू द्यायची नाही. पाणी भरण्याच्या तोंडावरचे झाकण सैलच हवे. ते घट्ट ठोकून बसवले, तर वाफेच्या दाबाने बंब फुटू शकतो.

घेताना पारख

बंब काठोकाठ भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवावा. सकाळी फरशी ओली दिसली, तर सांधा गळतो असे समजावे. मग रिकाम्या बंबाच्या नळ्यात बॅटरीचा उजेड टाकून पाण्याच्या बाजूने पाहावे. प्रकाशाचा ठिपका दिसला, तर तेथे भोक आहे. अशा ठिकाणी तांबटाकडून डाख देऊन घ्यावा लागतो.

पाण्याच्या बाजूला पांढरा क्षारांचा थर असतो, नळ्याच्या आत काजळी असते. तांबे उष्णतेचे उत्तम वाहक. पण क्षार आणि काजळी दोन्ही मंदवाहक आहेत. जाळ आणि पाणी यांच्यामध्ये त्या जणू दोन गोधड्याच होत. क्षार चिंचेच्या किंवा लिंबाच्या आंबट पाण्याने सुटतात, काजळी काथ्याच्या कुंच्याने खरवडून निघते. जुन्या डाखात शिसे असू शकते, म्हणून बंबातले पाणी पिण्यास किंवा स्वयंपाकास घेऊ नये.

कोरडा बंब कधीही पेटवू नये. कागदाच्या द्रोणात पाणी घालून तो ज्योतीवर धरला, तर पाणी तापते पण कागद जळत नाही. कारण पाणी कागदाची उष्णता सतत ओढून घेते आणि स्वतः १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळू लागते. बंबाच्या पत्र्याचे रक्षणही पाणी असेच करते. पाणी नसेल तर पत्र्याचे तापमान भराभर चढते. कल्हईचे कथील २३२ अंशांना वितळते, आणि कथील-शिशाचा डाख त्याच्याही आधी मऊ पडतो.

बंब कोठे बसवावा?

या प्रश्नाचे उत्तर एका हिशेबात आहे. एक किलो कोरडे लाकूड पूर्ण जळण्यास कमीत कमी सुमारे ६ किलो हवा लागते. एवढी हवा सुमारे ५ घनमीटर जागा व्यापते. दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच अशा न्हाणीघरात एकूण हवा असते ५.४ घनमीटर! म्हणजे दार लावून एक किलो लाकूड जाळायचे ठरवले, तर त्या खोलीतली जवळजवळ सगळी हवा जाळालाच लागेल.

हवा कमी पडली, की कार्बनचे ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्टपणे जोडला जातो, आणि मग रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. डोके दुखते, चक्कर येते, आणि दार उघडण्याचे भान येण्यापूर्वीच माणूस कोसळू शकतो. लालभडक निखाऱ्यातूनही हा वायू निघतो. म्हणून धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नका. बंब न्हाणीघराबाहेर, परसात किंवा उघड्या पडवीत ठेवावा आणि गरम पाणी बादलीने आत न्यावे. खाली विटा रचून तो स्थिर करावा. गवत, पाचट व वाळत घातलेले कपडे दूर ठेवावेत.

धूर म्हणजे न जळलेले जळण

लाकूड तापले, की प्रथम त्यातले पाणी वाफ होऊन जाते. पुढे दोन-अडीचशे अंशांपासून लाकडातून ज्वलनशील वायू व डांबरी बाष्पे निघू लागतात. लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग असा वायुरूप होतो; उरतो तो कोळसा. या वायूंना पुरेसा ताप, पुरेशी हवा आणि जळायला पुरेसा वेळ मिळाला, तर त्यांची ज्योत होते. तीनांपैकी एक जरी उणे पडले, तर त्यांचा धूर होतो. डोळ्यांत झोंबणारा धूर म्हणजे आपण आणलेले जळणच वाया जात आहे.

ओल्या जळणाने काय होते पाहा. १५ टक्के ओल असलेल्या एक किलो लाकडापासून सुमारे ३,६०० किलोकॅलरी उष्णता मिळते. ओल ४० टक्के असेल, तर हाती येतात सुमारे २,४०० किलोकॅलरी. काही भाग लाकूड नसून पाणीच असतो, आणि त्या पाण्याची वाफ करण्यात आणखी उष्णता खर्च होते. शिवाय जाळ थंडावतो व धूर वाढतो. कारखान्यात गाळपानंतर निघणाऱ्या चिपाडात निम्मे पाणीच असते; पण तेथे पंख्यांनी, बहुधा आधी तापवलेली, हवा पुरवून ते जाळता येते. आपल्या बंबाला पंखा नाही. म्हणून पावसाळ्याचे जळण उन्हाळ्यातच वाळवून आडोशाला रचावे.

हवा ओढते कोण?

तापलेली हवा प्रसरण पावते व हलकी होते. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.१६ किलोग्रॅम, तर २०० अंशांच्या हवेचे केवळ ०.७५ किलोग्रॅम. हलका स्तंभ वर चढतो आणि बाहेरची जड हवा जाळीखालून आत शिरते. यालाच आपण ओढ म्हणू.

पण ही ओढ किती नाजूक असते! दोन मीटर उंचीचे धुराडे घेतले, तरी दाबातला फरक पाण्याच्या एक मिलिमीटर उंचीइतकाही भरत नाही. म्हणूनच काजळीचा थर, राखेने बुजलेली जाळी किंवा दाबून कोंबलेले जळण एवढ्यानेही ती तुटते. नळ्यावर पत्र्याचा उंच नळ बसवला, तर ओढ वाढते. त्याचे तोंड वळचणीच्या वर न्यावे, आणि पावसासाठी टोपी बसवताना खाली मोकळी फट ठेवावी. मग जळण मात्र खालच्या तोंडातूनच, आखूड तुकडे करून घालावे लागते.

तुमच्या पुस्तकात उष्णतेच्या धड्यात रम्फर्डचे नाव येते. तोफा कोरताना निघणाऱ्या उष्णतेवर १७९८ मध्ये निबंध वाचणारा हाच शास्त्रज्ञ. त्याच काळात त्याने धुरकट इंग्रजी शेगड्यांच्या धुराड्याचा गळा अरुंद करून त्यांचा धूर कमी केला होता. आपल्याकडे हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये घरोघरच्या निर्धूर चुलीवर पुस्तिका लिहिली. त्यांच्या चुलीतही धुराड्यात ओढ कमी-जास्त करणारी झडप होती. हवा हवी, पण मापात हवी, हे दोघांनीही ओळखले होते.

जाळाची जुळवणी

१. पाणी भरा. जाळीवर थोडा कागद पेटवून आधी नळा तापवा.
२. खालच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरा. तिचा धूर आत ओढला गेला, तर ओढ आहे. बाहेर आला, तर राख, काजळी आणि नळाचे तोंड तपासा.
३. अंगठ्याएवढ्या जाडीच्या काटक्या, मध्ये फटी राहतील अशा घाला. एकदम भरण्यापेक्षा थोड्या-थोड्या घाला.
४. खालच्या तोंडाशी कौलाचा तुकडा सरकवून हवा कमी-जास्त करा. काळा धूर म्हणजे हवा कमी. जाळ घोंघावत वरच्या तोंडातून बाहेर पडू लागला, तर ओढ जास्त. उष्णता पाण्याऐवजी आभाळात चालली आहे.
५. प्लॅस्टिक, टायर किंवा रंगवलेले लाकूड कधीही जाळू नका. त्यांचा धूर विषारी असतो.

मोजून पाहा

वीस लिटर पाणी २० अंशांपासून ६० अंशांपर्यंत तापवण्यास २० × ४० = ८०० किलोकॅलरी लागतात. समजा, ८०० ग्रॅम वाळके लाकूड लागले. त्याची उष्णता ०.८ × ३,६०० = २,८८० किलोकॅलरी. म्हणजे बंबाची कार्यक्षमता सुमारे २८ टक्के. काजळी काढल्यावर तेच काम ६०० ग्रॅममध्ये झाले, तर कार्यक्षमता सुमारे ३७ टक्के झाली.

वहीत पाच रकाने आखा: जळणाचे वजन, पाण्याचे माप, सुरुवातीचे तापमान, शेवटचे तापमान, लागलेला वेळ. एका वेळी एकच गोष्ट बदला. आज काजळी काढली, तर हवेचे तोंड कालच्याइतकेच ठेवा. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाचा आला ते कळणार नाही.

विचार करा

१. बंबाचा जाळ मधल्या नळ्यात न ठेवता नुसता तळाखाली ठेवला, तर काय फरक पडेल?
२. पाणी तळाशी तापते, मग वरचे पाणी गरम कसे होते?
३. बुरकुंडे आणि शेवरीच्या काटक्या सारख्याच वजनाच्या घेऊन कोणत्या जळणाने पाणी अधिक तापते, हे कसे ठरवाल? प्रयोगात कोणत्या गोष्टी सारख्या ठेवाल?