वाकडा कणा : चाळिशीनंतर ऑपरेशन करावे का?

लहानपणापासून एक खांदा वर, एक खाली. कोणी फारसे लक्ष दिले नाही. आता पंचेचाळिशीत कंबर दुखते, पायात कळ उतरते आणि डॉक्टर ऑपरेशनचे नाव काढतात. घरातले सगळे घाबरतात. अशा वेळी काय करावे?

कणा एका बाजूला वळतो व पिळला जातो, त्याला स्कोलिओसिस म्हणतात. उभे राहून काढलेल्या एक्स-रेवर हा बाक अंशांत मोजतात. वाढीचे वय संपल्यावर ३० अंशांच्या आतला बाक सहसा वाढत नाही. ५० अंशांपुढचा मात्र वर्षाला साधारण एक अंशापर्यंत वाढू शकतो. उतारवयाकडे जाताना मणके झिजूनही बाक येतो.

पण नुसता आकडा पाहून ऑपरेशन ठरत नाही. आधी व्यायाम, फिजिओथेरपी व डॉक्टरांनी दिलेली औषधे काही महिने नीट घेऊन पाहावीत. पट्ट्याने थोडा आराम पडेल. मोठ्या माणसाचा कणा त्याने सरळ होत नाही. एवढे करूनही वेदना हटत नसतील, नस दबून चालणे कमी होत असेल, बाक वाढत असेल किंवा शरीराचा तोल जात असेल, तर ऑपरेशनचा विचार करावा.

ऑपरेशनमध्ये स्क्रू व सळया बसवून मणके एकमेकांशी जोडतात. जोडलेला भाग पुन्हा वाकत नाही. म्हणून धुणीभांडी, फरशी पुसणे, ओझे उचलणे यावर घर चालत असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा : किती मणके जोडणार? कामावर कधी जाता येईल? हेच काम जमेल का? जंतुसंसर्ग, नसेला इजा, सळई तुटणे, पुन्हा ऑपरेशन हे धोके असतात आणि वयाबरोबर ते वाढतात. पूर्ण बरे व्हायला सहा महिने ते वर्ष लागू शकते. तोवर घरचे काम कोण करणार, हेही आधीच ठरवा.

मिश्री, तंबाखू, विडी आधी सोडा. निकोटिनमुळे हाड जुळण्यात अडथळा येतो. साखर आटोक्यात ठेवा, हाडांची घनता तपासून घ्या. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खर्च मिळेल का, हे योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

मात्र पायातली ताकद झपाट्याने गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर एक दिवसही थांबू नका. थेट मोठे रुग्णालय गाठा.

एरवी निर्णयाला वेळ असतो. घरच्यांनी सल्ला द्यावा, पण दुखणे जिचे आहे तिला आधी विचारावे.