चिपाडांची गव्हाणी
(मुलांसाठी नाताळचा पाठ : लूक 2:1-20)

यंदा शब्बाथ शाळेतील मुले आणि पारधी वस्तीवरील मुले यांना एकत्र बसवून गव्हाणी करून घ्या. विकत काही आणू नका. आपल्या सोलापुरात ज्वारीचा कडबा भरपूर आहे.

साहित्य : ज्वारीची वाळलेली चिपाडे, दोरा, कडब्याची कुट्टी, जुनी चिंधी.

कृती : चिपाडाची साल बोट कापते, म्हणून ती मोठ्यांनी सोलून द्यावी. आतल्या मऊ गाभ्याचे वीतभर तुकडे करावेत. पाच-पाच तुकडे शेजारी ठेवून सालीच्या काड्या आरपार खोचाव्यात; अशा दोन फळ्या कराव्यात. दोन-दोन तुकड्यांच्या दोन फुल्या दोऱ्याने बांधाव्यात. त्यांच्या वरच्या खाचेत फळ्या तिरप्या टेकवून बांधाव्यात. आत कुट्टी पसरून चिंधीचे बाळ निजवावे.

बोध : मुलांना विचारा, गव्हाणीत काय घालतात? कडबा! उतारशाळेत जागा मिळाली नाही, म्हणून प्रभू तेथे निजला. पहिली वार्ता मिळाली ती गावाबाहेर रात्र काढणाऱ्या मेंढपाळांना. पारधी समाजालाही इंग्रजांच्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले होते. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला, पण लोकांच्या मनातला संशय अजून गेलेला नाही. आपल्या मनातला तरी जावा.

नाताळच्या उपासनेत ही गव्हाणी वस्तीवरील मुलांनीच वेदीजवळ ठेवावी. त्यांच्या आईवडिलांना पुढच्या बाकावर जागा राखून ठेवा.

प्रार्थना : प्रभू, आमच्या घरात व मंडळीत सर्वांना जागा असू दे. आमेन.