टेकडीवरील दगडांची रास आणि तिचे नाव

परिसर अभ्यासात स्थळनामांचा विषय आला की नावाचा अर्थ सांगून पाठ पुरा करण्याकडे शिक्षकांचा कल असतो. ते नाव पुरावा म्हणून कितपत धरावे, हा प्रश्न मात्र राहून जातो. त्यासाठी आयर्लंडातील एक उदाहरण फार उपयोगी आहे.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, स्लायगो परगण्यात, नॉकनारे ही ३२७ मीटर उंचीची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर सुमारे १० मीटर उंचीची दगडांची प्रचंड रास आहे. हे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे दफनस्थान असून आत दगडी वाट व कोठडी असावी, असे परिसरातील इतर राशींवरून विद्वान मानतात. उत्खनन मात्र आजवर झालेले नाही. लोक तिला 'मिस्कान मेव', म्हणजे मेवचा लोण्याचा गोळा, म्हणतात. मेव ही दंतकथांतील राणी. शत्रूच्या मुलखाकडे तोंड करून, सशस्त्र, उभ्यानेच तिला पुरले, अशी कथा आहे. पण कथेतला काळ इसवी सनाच्या आरंभाचा. रास त्याहून तीन हजार वर्षांनी जुनी! तेव्हा आत कोण पुरले आहे हे नाव सांगत नाही. रचणारे विसरले गेल्यावर पुढच्या पिढ्यांना ती रास कोणाची वाटली, एवढेच सांगते. टेकडीच्या नावाचीही तीच गत. कोणी तिला चंद्राची टेकडी म्हणतो, कोणी राजांची. केवळ उच्चारसाम्यावर विसंबले की असे होते.

१८२४ साली या देशाची मोजणी सुरू झाली ती करआकारणीसाठी. तीत नावांच्या वह्या ठेवण्यात आल्या. जुन्या कागदांतील निरनिराळी रूपे त्यांत नोंदली जात. जॉन ओ'डोनोव्हन हे विद्वान गावोगाव हिंडून वृद्धांच्या तोंडचा उच्चार टिपत. मग नकाशासाठी एक रूप ठरे. ते इंग्रजी वळणाचे असे, आणि त्यात मूळ नावाची ओढाताण झाली, हा दोष खराच. तथापि मोजणी १८४६ मध्ये संपत आली तोच बटाट्याच्या रोगाने दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देशांतरास गेली. आयरिश बोलणारी खेडी ओस पडली. वह्या दहा वर्षे उशिरा निघाल्या असत्या तर कित्येक नावे विचारावयास माणूसच उरला नसता.

आपल्याकडे नागपूरजवळ जुनापाणी येथे लोहयुगीन शिलावर्तुळे आहेत. गावोगावची 'पांढर' हे नावही जुन्या वस्तीची खूण सांगते. गट क्रमांक आल्यापासून शेतांची नावे कागदावरून गेली. ती आता म्हाताऱ्यांच्या तोंडीच आहेत.

वर्गाच्या वहीत तीन रकाने आखावेत: नाव, सांगणाऱ्याचे नाव व वय, आणि लोक सांगतात तो अर्थ. उच्चार ऐकला तसाच लिहावा. शुद्ध करू नये. अर्थ शिक्षकाला पटला नाही तरी खोडू नये, आपले मत खाली निराळे लिहावे. मुलांना स्थळ दाखविण्यास नेल्यास दगड हलवू देऊ नयेत, खापरे घरी आणू देऊ नयेत.