जमिनीच्या पोटात

खेळताना गोटी हरवली, तर आपण दोन दिवस ती शोधतो आणि मग विसरून जातो. कोणी उचलली नसेल, तर ती तेथेच असते. हळूहळू ती मातीखाली जाते. हे कसे घडते?

सोलापूरच्या आसपास काळी जमीन पुष्कळ आहे. उन्हाळ्यात ती आकसते आणि तिला भेगा पडतात. काही भेगांत तर आपला हातसुद्धा जातो! लहानसहान वस्तू अशा भेगेत पडते. मृगाचा पाऊस आला, की माती फुगते, भेग मिटते आणि वस्तू आतच राहते.

गांडुळेही हेच काम करतात. ती खालची माती खाऊन वर आणून टाकतात. म्हणून वरच्या वस्तू खाली जातात. चार्ल्स डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली घराजवळच्या शेतात खडूच्या दगडाचे तुकडे पसरले. १८७१ साली तेथे खणले, तेव्हा ते सात इंच खाली सापडले. एका प्रयोगासाठी एकोणतीस वर्षे थांबणारा माणूस विरळाच!

गावात मात्र सर्वांत जास्त माती घरांची असते. शेतजमिनीला 'काळी' आणि गावाच्या वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणतात. जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती मातीच्या आणि छतही मातीचे. असे घर पडले, की लोक ती माती सपाट करून तिच्यावरच नवे घर बांधत. चुलीची राख आणि फुटकी मडकी यांची त्यात भर पडे. शेकडो वर्षांत गावाखाली टेकाड तयार होई.

बार्शीच्या पलीकडे, धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तेथे 'तगर' नावाची मोठी बाजारपेठ होती. तेथील टेकाडांत मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, मातीची खेळणी सापडली. ती खेळणी हरवली, तेव्हा कोणी मूल रडलेही असेल! गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू हौसेने जमवल्या, म्हणून त्या वाचल्या. तेरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयाला त्यांचेच नाव दिले आहे.

सामान्यतः खालचा थर जुना आणि वरचा नवा असतो. म्हणून उत्खनन करणारे लोक माती थोडी थोडी काढतात. वस्तू किती खोल होती, तिच्याशेजारी काय होते, हे लगेच लिहून ठेवतात. घाईने उकरून खिशात टाकलेला मणी सुंदर दिसतो. पण तो कोणत्या थरातला, हे मग कोणालाच सांगता येत नाही.